मुदतीबाहेर

सरकारी अहवाल हाही एक वाङ्मयप्रकार आहे, ही गोष्ट आमच्या टीकाकारांनी अद्याप मनावर घेतलेली दिसत नाही. कादंबऱ्या, लघुकथा, प्रवासवर्णने, फार काय पाकशास्त्राची पुस्तकेदेखील मासिकांतून परीक्षणास येतात, आणि ते योग्यही आहे. परंतु ज्या ग्रंथापायी एका न्यायाधीशाची पाच वर्षे खर्ची पडली, ज्यात पाचशे साक्षीदार शपथेवर बोलले, आणि ज्यातले प्रत्येक पात्र खरोखरीच जगलेले अथवा मेलेले आहे, तो ग्रंथ मात्र रद्दीवाल्याच्या तागडीत जावा, ह्याला काय म्हणावे? आम्ही बोलत आहो ते न्यायमूर्ती श्रीकृष्ण ह्यांच्या अहवालाविषयी. मुंबईत १९९२ च्या डिसेंबरात व १९९३ च्या जानेवारीत जे दंगे झाले, त्यांची चौकशी करून त्यांनी तो १९९८ च्या फेब्रुवारीत सरकारास सादर केला. त्या काळी आम्ही तो वाचला होता. मध्यंतरी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या नातीने सहज विचारले, "आजोबा, त्या दंगलीबद्दल शेवटी शिक्षा कुणाला झाली?" प्रश्न चार शब्दांचा होता, उत्तरासाठी आम्हांस कपाटावरून तो जाड ग्रंथ उतरवावा लागला, आणि तो पुन्हा एकवार अथपासून इतिपर्यंत वाचून झाला.

साहित्यगुण शोधू जाणाऱ्याची निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवतो. भाषा इंग्रजी, तीही कोर्टाच्या वळणाची. विशेषणांच्या बाबतीत पराकाष्ठेची काटकसर. आणि हकीकत लावलेली कालक्रमाने नव्हे तर पोलिसठाण्यागणिक. पण ह्या कोरडेपणातच त्याचे सामर्थ्य आहे. ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांचा धर्मही कळू शकला नाही, आणि ५ इतर. पोलिसांच्या गोळ्यांनी ३५६, भोसकाभोसकीत ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या हातून ८०, खाजगी बंदुकांनी २२ आणि अन्य कारणांनी ४. ही बेरीज आम्ही पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहिली, ती जुळते. ज्या शहरात एका चाळीच्या वर्गणीचा हिशेब जुळत नाही, तेथे मेलेल्यांचा हिशेब इतका चोख राखला गेला आहे, ही जाणीव वाचताना मनातून जात नाही. आणि पहिला आकडा पुन्हा पाहावा. सर्वांत अधिक माणसे मारली ती सरकारच्या बंदुकीने.

न्यायमूर्तींनी भीड कोणाचीच ठेवलेली नाही. अयोध्येतील मशीद ६ डिसेंबरला पडल्यावर संतापलेले, नायक नसलेले मुसलमान जमाव रस्त्यावर उतरले व त्यांनी दंगा माजविला, हे ते स्वच्छ लिहितात. काही ठिकाणी हिंदूंनी विजयाच्या मिरवणुका काढून आगीत तेल ओतले, हेही लिहितात. जानेवारीच्या आरंभी डोंगरीत माथाडी कामगारांचे खून पडले. ८ जानेवारीच्या पहाटे जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत बाहेरून कडी घालून घर पेटविले गेले व सहा हिंदू माणसे, त्यांत एक अपंग मुलगी, जळून मेली. ह्यातले काहीही त्यांनी झाकले नाही. त्यानंतर मुसलमानांवर व त्यांच्या मालमत्तेवर जे पद्धतशीर हल्ले झाले त्यांत शिवसेना अग्रभागी होती, आणि शाखाप्रमुखापासून श्री. बाळासाहेब ठाकरे ह्यांच्यापर्यंत निरनिराळ्या पायरीवरच्या पुढाऱ्यांनी ते चालविले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. निरनिराळ्या हुद्द्यांच्या ३१ पोलिसांवर त्यांनी ठपका ठेवला. सुधाकरराव नाईक ह्यांच्या काँग्रेस सरकारने वेळेवर निर्णय घेतले नाहीत, घेतले ते डळमळत घेतले, हेही नमूद केले. सर्वांच्या वाट्याला थोडेथोडे आले, आणि म्हणूनच बहुधा हा अहवाल मनापासून कोणालाच हवासा वाटला नाही. ६ ऑगस्ट १९९८ रोजी तो विधिमंडळापुढे ठेवताना श्री. मनोहर जोशी ह्यांच्या सरकारने तो हिंदुविरोधी म्हणून झिडकारला. न्यायमूर्ती स्वतः आस्तिक हिंदू आणि संस्कृतचे व्यासंगी. पण त्याचा उपयोग झाला नाही.

ते जानेवारीचे दिवस आम्ही दादरच्या एका चाळीत काढले. आमच्या चाळीने गस्तीची पाळी लाविली होती. हॉकीच्या काठ्या, क्रिकेटच्या बॅटी, मिरचीची पूड, आणि गच्चीवर चहाची किटली. रात्री अकराच्या सुमारास बातमी येई की चौपाटीवर शस्त्रे घेऊन गलबते लागत आहेत. मग मोटारी समुद्राकडे तोंड करून उभ्या करावयाच्या व दिव्यांच्या झोतात काळ्या पाण्याकडे डोळे फाडून पाहात बसावयाचे. गलबत एकही आले नाही. परंतु ज्यांनी ते पाहिले असे सांगणारी माणसे मात्र दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात भेटत. ह्या अफवा कोण उठवीत होते ते आम्हांस कळले नाही, पण त्यांवर पिके कोण काढीत होते ते वर्तमानपत्र उघडताच कळे. त्याच दिवसांत आमच्या गल्लीत रोज पहाटे सायकलवरून येणारा पाववाला दिसेनासा झाला. पंधरा वर्षे त्याची घंटी ऐकून आमची मुले उठत आली होती. पहिले दोन दिवस बायका म्हणाल्या, "संचारबंदी आहे, येईल कसा?" आठवड्याने दुसरा पाववाला येऊ लागला.

आता नातीच्या प्रश्नाकडे वळू. शिक्षा कोणाला झाली?

ह्या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी कायद्यातील एक बारकी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जमातीजमातींत वैर पसरविण्याच्या गुन्ह्याला तेव्हाच्या दंडसंहितेत तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होती. ज्या गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपलीकडे जात नाही, त्याची दखल न्यायालयाने तीन वर्षांच्या आत घेतली पाहिजे. पुढे तो गुन्हा मुदतीबाहेर जातो. शिवाय ह्या विशिष्ट गुन्ह्याचा खटला सरकारच्या परवानगीवाचून चालत नाही. दोन्ही नियम मुळात शहाणपणाचे आहेत. किरकोळ गोष्टीसाठी माणसाच्या डोक्यावर जन्मभर तलवार टांगलेली नसावी, आणि कोणीही उठून कोणाच्याही भाषणाविरुद्ध फिर्याद गुदरू नये. परंतु हे दोन शहाणे नियम एकत्र आले की त्यांतून एक विलक्षण सोय निर्माण होते. सरकारने नाही म्हणावयाचे नाही. केवळ सही करावयाची नाही. उरलेले काम भिंतीवरची दिनदर्शिका करते.

जानेवारी १९९३ पासून तीन वर्षे म्हणजे जानेवारी १९९६. ह्या मुदतीतली पहिली दोन वर्षे राज्य काँग्रेसचे होते, आरंभी श्री. नाईक ह्यांचे, पुढे श्री. शरद पवार ह्यांचे. 'सामना' पत्रातील अग्रलेखांबद्दल खटला भरावा म्हणून राज्याचे एक माजी मुख्य सचिव, श्री. जे. बी. डिसूझा, एका पत्रकारास बरोबर घेऊन उच्च न्यायालयात गेले. आयुष्यभर ज्या सचिवालयात त्यांनी फायलींवर सह्या केल्या, त्या सचिवालयास एक सही करण्याची आज्ञा व्हावी म्हणून म्हाताऱ्या माणसाने कोर्टाची पायरी चढावी, ह्या एका गोष्टीवर एखाद्या कथालेखकाने कथा लिहावयास हरकत नाही. १९९४ साली ती याचिका फेटाळली गेली; सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. मार्च १९९५ मध्ये राज्य बदलले व ज्यांच्याविरुद्ध परवानगी हवी होती त्यांचेच सहकारी परवानगी देणारे झाले. आणि ज्या जानेवारीत ही मुदत सरली त्याच जानेवारीत, १९९६ साली, चौकशी आयोगच बरखास्त करण्यात आला. हा योगायोग आहे, असे आम्ही समजतो. पुराव्यावाचून ह्यापुढे जाऊ नये. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, श्री. अटलबिहारी वाजपेयी तेरा दिवसांकरिता पंतप्रधान असता त्यांच्या सूचनेवरून आयोग पुन्हा नेमला गेला. एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

१९९९ साली पुन्हा काँग्रेसवाल्यांचे राज्य आले. अहवालाची अंमलबजावणी करू, असे वचन निवडणुकीत दिले होते. जुलै २००० मध्ये परवानगीची सही अखेर झाली. २५ जुलैला श्री. ठाकरे ह्यांस अटक झाली, शहर त्या दिवशी जीव मुठीत धरून बसले, दुकाने मिटली, आणि संध्याकाळच्या आत दंडाधिकाऱ्याने प्रकरण मुदतीबाहेर म्हणून निकालात काढले. तीन वर्षांच्या गुन्ह्याला सात वर्षे झाली होती. दंडाधिकाऱ्यास बोल लावण्यात अर्थ नाही. न्यायाच्या हितासाठी उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टास आहे खरा, परंतु उशीर माफ करावयाचा तर त्याचे काही कारण सांगावे लागते. आणि एवढा उशीर का झाला ह्याचे खरे कारण कोणता सरकारी वकील कोर्टापुढे उच्चारू शकला असता? आमचा समज असा, की ज्यांनी ही सही केली त्यांना तिची किंमत सही करण्यापूर्वीच ठाऊक होती. वैऱ्याशी लढल्याचे नाव झाले, आणि वैऱ्याला ओरखडाही आला नाही.

बाकीच्यांची कथा थोडक्यात सांगता येते. तेराशेहून अधिक प्रकरणे पोलिसांनी 'अ' वर्गात टाकून मिटविली. 'अ' वर्ग म्हणजे गुन्हा खरा, परंतु करणारा सापडला नाही. ह्यांतील कित्येक फिर्यादींत करणाऱ्यांची नावे फिर्यादीने दिलेली होती, हे अहवाल वाचणाऱ्यास समजते. २००० नंतर एक विशेष पथक नेमले गेले. त्याने फिरून उघडलेली प्रकरणे हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी निघाली. महंमद अली रस्त्यावरच्या सुलेमान बेकरीत ९ जानेवारी १९९३ ला पोलिसांच्या गोळीबारात नऊ माणसे मेली. आयोगास तो गोळीबार समर्थनीय वाटला नाही. त्या पथकाचे प्रमुख अधिकारी मध्यंतरी शहराचे पोलिस आयुक्त होऊन गेले. आणि २००३ साली सत्र न्यायालयाने त्यांना खटल्यातून मुक्त केले, ते वरच्या न्यायालयांनी कायम राखले. राधाबाई चाळीच्या खटल्यात खाली अकरा जण दोषी ठरले, वर सर्वोच्च न्यायालयात सर्व सुटले. तेव्हा त्या अपंग मुलीस कोणी जाळले, हेही कायद्याच्या दृष्टीने आज कोणास ठाऊक नाही. न्याय न मिळण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही धर्मांना समान वागणूक मिळाली.

शिक्षा झालेला एक पुढारी सापडतो. माजी खासदार श्री. मधुकर सरपोतदार ह्यांना २७ डिसेंबर १९९२ च्या एका चिथावणीखोर प्रकरणाबद्दल जुलै २००८ मध्ये एक वर्षाची कैद सुनावली गेली. त्यांना तत्काळ जामीन मिळाला, आणि २०१० साली ते वारले.

ह्याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवून पाहावे. दंगे विझून दोन महिने होतात न होतात तोच, १२ मार्च १९९३ ला, ह्याच शहरात ओळीने बाँबस्फोट झाले व २५७ माणसे मेली. तो खटला खास कायद्याखाली, खास न्यायालयात चालला. २००६ व २००७ मध्ये शंभर आरोपी दोषी ठरले, आणि एकाला २०१५ साली फाशी झाली. ज्यांनी ते राक्षसी कृत्य केले त्यांना शिक्षा झाली ह्याबद्दल आम्हांस तिळमात्र खेद नाही. तो कायदा फार कठोर होता व दंग्याच्या आरोपींनाही तो लावावा असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ह्या शहराच्या पोलिसांना तपास करता येत नाही, साक्षीदार मिळत नाहीत, कोर्टे चालत नाहीत, ही जी सबब दंग्याच्या बाबतीत सांगण्यात येते ती खोटी आहे. मनात आले तेव्हा तपास झाला, आणि तो समुद्रापलीकडेही पोहोचला. मनात आले नाही तेव्हा तो वांद्र्याच्या खाडीपलीकडे गेला नाही.

मनात का आले नाही? केवळ पुढाऱ्यांवर बोट ठेवून हे उत्तर पुरे होत नाही. आमच्या वर्गाचे, म्हणजे हे मासिक ज्या घरांत जाते त्या घरांचे, वागणे त्या वर्षांत आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहात. त्यांना सारी चाळ नाना म्हणे. माणूस देवमाणूस, मुंगीवर पाय पडला तर हळहळणारा. अहवाल आला तेव्हा आम्ही त्यांना तो वाचावयास देऊ केला. नाना म्हणाले, "नको हो. खपली कशाला काढायची? झालं गेलं गंगेला मिळालं." आम्ही म्हणालो, "नाना, शाळेत एका पोरानं दुसऱ्याचं डोकं फोडलं, तर तुम्ही झालं गेलं गंगेला मिळालं म्हणाला असतात काय?" नाना हसले. "अहो, शाळेत छडी माझ्या हातात होती. इथं छडी कुणाच्या हातात आहे ते तुम्हांला ठाऊक आहे." नानांचे हे उत्तर आम्हांस पुष्कळ दिवस पुरले. कारण ते भित्रेपणाचे दिसले तरी तसे नव्हते. नाना भीत नव्हते. जानेवारीत जे झाले त्याने आपण सुरक्षित झालो, असे त्यांना, आणि त्यांच्यासारख्या असंख्य सज्जनांना, आतून वाटत होते. आणि ज्याने आपणांस सुरक्षित केले त्याचा हिशेब मागणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटत होते. हातात तलवार घेणारे शेकडाच असतात. त्यांना मुदत मिळवून देणारे हजारोंनी असतात, आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्याही अहवालात येत नाही. १९७० सालच्या भिवंडी, जळगाव व महाडच्या दंग्यांवर न्यायमूर्ती मादन ह्यांनी असाच परखड अहवाल लिहिला होता. तोही ह्याच सज्जनांच्या राज्यात फडताळात गेला.

एक आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. काही समंजस माणसे म्हणतात, की मोठ्या पुढाऱ्यास पकडले की शहर पुन्हा पेटते. चार जणांस न्याय देण्यापायी चाळीस जण मरतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सरकारचे पहिले काम माणसे जिवंत ठेवणे हेच आहे. परंतु २००० च्या जुलैत जे घडले ते पाहिले म्हणजे ह्या भीतीची खोली कळते. दगडफेक झाली, गाड्या अडल्या, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाला आपल्या वेळी आला. शिवाय हिशेब एकीकडूनच का करावा? १९७० चा जाब विचारला गेला असता तर १९९२ साली किती जण वाचले असते, हा आकडा कोणीच काढीत नाही, कारण तो काढता येत नाही. न घडलेल्या दंग्याचा अहवाल नसतो.

हा रोग आपल्याच मातीतला आहे, अशी कोणाची समजूत असल्यास तीही सोडावी. अमेरिकेत ६ जानेवारी २०२१ ला जमावाने तेथील संसदभवनावर चाल केली. तेथे सरकारी वकिलांनी मुदत दवडली नाही. दीड हजारांहून अधिक लोकांवर खटले भरले, पुष्कळांना शिक्षा झाल्या, म्होरक्यांस अठरा नि बावीस वर्षांच्या. परंतु ज्यांच्यासाठी तो जमाव गेला होता तेच पुन्हा निवडून आले, आणि २० जानेवारी २०२५ ला, कारभार हाती घेतल्याच्या पहिल्याच दिवशी, त्यांनी जवळजवळ सर्वांना माफी दिली. आपल्याकडे सही न केल्याने जे झाले, ते तेथे सही केल्याने झाले.

मुंबईच्या बाबतीत शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी उच्चारला. २००१ सालच्या एका याचिकेवरचा तो निकाल. कायदा व सुव्यवस्था राखण्यात आणि माणसांचे जगण्याचे हक्क जपण्यात राज्य सरकार अपुरे पडले, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. मेलेल्यांच्या वारसांना दोन लाख रुपये मिळाले होते. परंतु मेलेले म्हणून ज्यांची गणतीच झाली नाही, नुसते बेपत्ता झाले, असे १६८ होते. त्यांतील ६० कुटुंबांनाच पैसे पोहोचले. उरलेल्या १०८ जणांच्या माणसांचा शोध घ्यावा, दोन लाख द्यावे, उशिराबद्दल सालीना नऊ टक्के व्याजही द्यावे, आणि जे खटले सुप्त म्हणून बाजूस ठेवले आहेत त्यांचे आरोपी शोधावे, अशी आज्ञा झाली. दुकानदाराच्या उधारीप्रमाणे मेलेल्या माणसावर व्याज चढावे हे विचित्र खरे. पण निदान ह्या एका बाबतीत तरी उशिराचा भुर्दंड उशीर करणाऱ्यावर बसला.

त्या १०८ जणांत आमच्या गल्लीतला पाववाला आहे की नाही, हे आम्ही शोधण्याचा प्रयत्न केला. चाळीतल्या जुन्या बिऱ्हाडांकडे चौकशी केली. तो उत्तरेकडचा होता एवढे तिघांना आठवले. त्याला दोन मुली होत्या असे एका आजींना आठवले. नाव कोणालाच सांगता येईना. सगळे त्याला पाववाला म्हणत. यादी नावांची असते.

नातीला आम्ही हे सर्व सांगितले. ती कायद्याची परीक्षा देणार असल्याने तिने लगेच नवी संहिता काढली. १ जुलै २०२४ पासून जुने कायदे गेले आहेत. वैर पसरविण्याच्या गुन्ह्याला आता १५३ अ ऐवजी १९६ हा क्रमांक मिळाला आहे. मुदतीचे कलम होते ४६८, ते ५१४ झाले आहे. शिक्षा पूर्वीइतकीच आहे, म्हणून मुदतही तीन वर्षांचीच. आणि खटल्याला सरकारची परवानगी अद्याप लागते. ती कोणत्या कलमान्वये, तेही तिने आमच्यापुढे बोट ठेवून वाचून दाखविले.